रायसीना ते इंडिया गेट : ऐतिहासिक सरकारी परिसरात नवं बांधायचं, तर आधी काय ठरायला हवं?

मेघना_वास्तु

नमस्कार मंडळी. दिल्लीतल्या सेंट्रल व्हिस्टावर, म्हणजे राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट या सरकारी परिसराच्या नव्या बांधणीवर, इथे पूर्वीही बोलणं झालंय, पण ते दर वेळी सरकारच्या बाजूचे आणि विरोधातले अशा दोन तटांवर येऊन अडलं. मी वारसा संवर्धनाच्या क्षेत्रात काम करते. मला वेगळाच प्रश्न पडतो. जिथून देश चालतो, त्या शंभर वर्षं जुन्या परिसरात नवीन इमारत बांधायची, तर काय आधी ठरवायचं आणि काय नंतर? विधान भवनं, सचिवालयं, उच्च न्यायालयं सगळीकडेच जुनी होताहेत. त्यामुळे दिल्लीत जे झालं त्यातून बाकीच्यांनी शिकावं, एवढ्यासाठी हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेत असल्याचं जाहीर केलं. लुटियन्स आणि बेकर या ब्रिटिश वास्तुकारांनी रायसीना टेकडीपासून पूर्वेकडे एक सरळ अक्ष आखला. व्हाइसरॉयचं घर (आजचं राष्ट्रपती भवन), त्यापुढे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक या सचिवालयाच्या दोन इमारती, मग सुमारे ३ किलोमीटरवर इंडिया गेट. संसदेची गोल इमारत या अक्षाच्या बाजूला आहे, कारण कायदेमंडळाची इमारत मूळ नकाशात नव्हतीच. १९१९ च्या सुधारणांनंतर ती लागणार हे ठरलं, १९२१ मध्ये कोनशिला बसली आणि १८ जानेवारी १९२७ ला उद्घाटन झालं. म्हणजे या परिसरात पहिली भर नकाशा तयार झाल्यावर लगेचच पडली होती.

दुसरी भर स्वातंत्र्यानंतरची. पन्नास-साठच्या दशकांत कृषी भवन, उद्योग भवन, रेल भवन, शास्त्री भवन उभी राहिली. १९५६ मध्ये संसदेच्या डोक्यावर दोन मजले चढवले. जनपथाच्या चौकात लुटियन्सने चार सांस्कृतिक इमारती योजल्या होत्या, त्यातली एकच, म्हणजे आजचं राष्ट्रीय अभिलेखागार, प्रत्यक्षात आली. तिथेच पुढे राष्ट्रीय संग्रहालय बांधलं गेलं. त्याचे वास्तुकार गणेश भिकाजी देवळालीकर. सर्वोच्च न्यायालयाची इमारतही त्यांचीच, आणि सीपीडब्ल्यूडीचं (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचं) प्रमुखपद मिळालेले ते पहिले भारतीय. आपल्यातल्या फार थोड्यांना हे नाव माहीत आहे, याची मला खंत वाटते.

तिसरी भर आत्ताची, सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाची. तिच्या तारखा नीट पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये सल्लागारासाठी निविदा निघाली. ऑक्टोबरमध्ये अहमदाबादच्या एचसीपी या वास्तुरचना संस्थेची निवड झाली. डिसेंबरमध्ये जमीन-वापर बदलाची सूचना आली. फेब्रुवारी २०२० मध्ये सुनावणी झाली आणि मार्चमध्ये बदल कायम झाला. परिसराचं काय करायचं हा प्रश्न लोकांसमोर आला, तेव्हा आराखडा करणारा आधीच ठरलेला होता. हजाराहून जास्त हरकती आल्या, त्यांची सुनावणी दोन दिवसांत उरकली.

नव्या संसद भवनाची गरज नव्हती असं मी म्हणत नाही. गरज होती. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. परिसर म्हणून काय जपायचं हे आधी कागदावर यायला हवं, त्यानंतर किती आणि कुठे बांधायचं ते, आणि त्याही नंतर कोणी बांधायचं ते. इथे हा क्रम उलटा झाला.

---

निवृत्त_अभियंता

मेघनाताई, लेख अभ्यासपूर्ण आहे. पण आत काम केलेल्या माणसाची बाजूही ऐका.

माझी बरीच नोकरी दिल्लीत सरकारी इमारतींच्या देखभालीत गेली. नाव घेत नाही, पण एका मंत्रालयाच्या इमारतीत कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना फायलींची कपाटं, वर विजेच्या तारांचे झुबके आणि प्रत्येक खिडकीत एसी, अशी परिस्थिती मी वर्षानुवर्षं बघितली. आग लागली तर माणसं बाहेर कशी काढायची, या विचाराने झोप लागायची नाही. आपल्याच मुंबईत २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेली आग आठवा. वरचे मजले जळाले, माणसं गेली.

संसदेच्या गोल इमारतीचंही तेच. ती बांधली तेव्हा आजचे भूकंपाचे निकष नव्हते आणि दिल्ली भूकंपाच्या चौथ्या क्षेत्रात येते. एसी, सीसीटीव्ही, ध्वनियंत्रणा, नेटवर्क, सगळं नंतर कोंबलेलं. प्रत्येक वेळी जुन्या दगडी भिंतीला भोक पाडायचं. शंभर वर्षांच्या इमारतीवर रोजच्या वापराचा एवढा ताण टाकणं हासुद्धा तिच्यावर अन्यायच. नवी इमारत झाल्यामुळे जुनीला, म्हणजे आताच्या संविधान सदनाला, श्वास घ्यायला जागा मिळाली असं मी मानतो.

आणि जागेचा हिशेब बघा. लोकसभेच्या ५४३ जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या. त्या कधीतरी वाढणारच. जुन्या सभागृहात मागच्या बाकांवर हात टेकायलाही जागा नव्हती. नव्या लोकसभेत ८८८ आसनं आहेत, राज्यसभेत ३८४, आणि संयुक्त बैठकीला लोकसभेच्या दालनात १२७२ जण बसू शकतात. हा पुढच्या पिढ्यांचा विचार आहे.

भाड्याचाही मुद्दा आहेच. मंत्रालयांची कार्यालयं दिल्लीभर भाड्याच्या जागांत विखुरलेली. ६ ऑगस्ट २०२५ ला मंत्रालयांच्या नव्या इमारतींपैकी कर्तव्य भवन-३ चं उद्घाटन झालं, तेव्हा पंतप्रधानांनी वर्षाला १५०० कोटी भाड्यापोटी जातात असं सांगितलं.

---

दिल्लीवाली_मावशी

मी लग्न होऊन दिल्लीत आले ती इथलीच झाले. तुमचं नकाशाचं बोलणं वाचतेय, पटतंय. मी आपलं हिरवळीबद्दल सांगते.

उन्हाळ्यात रात्री जेवणं झाली की अख्खं कुटुंब इंडिया गेटच्या हिरवळीवर. तिथे तिकीट नव्हतं, दार नव्हतं, कोण कुठला हे कोणी विचारत नव्हतं. जुन्या दिल्लीतून रिक्षाने आलेलं कुटुंब आणि मोठ्या गाडीतून उतरलेलं कुटुंब शेजारी चादर टाकून बसायचं. एवढ्या मोठ्या शहरात अशी जागा दुसरी नव्हती. पावसाळ्यात जांभळाच्या झाडांखाली जांभळांचा सडा पडायचा आणि झाडं ठेक्याने घेतलेले लोक ती गोळा करून टोपल्यांतून विकायचे.

सप्टेंबर २०२२ मध्ये कर्तव्य पथ, म्हणजे पूर्वीचा राजपथ, खुला झाला. खरं सांगायचं तर चालायला आता सोय चांगली आहे. लाल बजरीच्या जागी ग्रॅनाइटच्या वाटा आल्यात, स्वच्छतागृहं आहेत, दिवे आहेत. माझ्यासारखीच्या गुडघ्यांना ते बरं. विक्रेत्यांना ठरावीक जागा दिल्यात. पण काम चालू होतं तेव्हा पत्र्यांच्या आड काय होणार आहे, हे आम्हा रोज जाणाऱ्यांना कोणी सांगितलं नाही. कुठली झाडं राहणार, कुठली हलवणार, पुन्हा बसायला मिळेल की नाही, कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं. एक मोठा फलक मैदानात लावला असता, हिंदीत, तरी चाललं असतं.

---

पारगावकर

मावशी, तुमच्या हिरवळीला जोडूनच लिहितो.

माझे वडील शेतकरी संघटनेचे. २ ऑक्टोबर १९८९ ला राजपथालगतच्या बोट क्लबवर शेतकऱ्यांची मोठी सभा होती, शरद जोशी आणि महेंद्रसिंह टिकैत दोघांच्या संघटनांची. मराठवाड्यातून माणसं रेल्वेने भाकऱ्या बांधून गेली होती. सभेत मंचावर गोंधळ झाला आणि ती फिसकटली, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. पण वडील दुसरीच गोष्ट सांगतात. हिरवळीवर उभं राहिलं की एका बाजूला संसद, समोर टेकडीवर राष्ट्रपती भवन. ज्यांना गाऱ्हाणं सांगायला आलो त्यांचं दार डोळ्यांना दिसत होतं. आदल्या वर्षी, १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये, टिकैतांचे शेतकरी बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन तिथेच ठाण मांडून बसले होते. त्यानंतरच्या वर्षांत बोट क्लबवर सभांना बंदी आली, निदर्शनं जंतरमंतरच्या रस्त्यावर गेली. तिथून काही दिसत नाही.

परिसराच्या नियोजनात इमारतीची उंची मोजतात, चटईक्षेत्र मोजतात. लोकांनी कुठे जमायचं हे कोण मोजतं? मेघना, तुमच्या "काय जपायचं" या यादीत ही जागा असायला हवी.

---

मेघना_वास्तु

>> लोकांनी कुठे जमायचं हे कोण मोजतं?

पारगावकर, हे पहिल्या पोस्टमध्ये असायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. परिसराला वारसा म्हणतो तो दगडांसाठी जितका, तितकाच तिथे काय घडलं आणि काय घडू शकतं यासाठी. ब्रिटिशांनी हा रस्ता शाही संचलनासाठी बांधला, स्वातंत्र्यानंतर लोकांनी तो आपला करून घेतला. पाचव्या जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये इंडिया गेटजवळच्या छत्रीखालून हलवला, आणि नंतर कितीतरी दशकं ती छत्री रिकामी होती. २०२२ मध्ये तिथे नेताजींचा २८ फुटी ग्रॅनाइटचा पुतळा आला. असे अर्थ बदलत जातात, तो बदल मला अजिबात खटकत नाही.

निवृत्त_अभियंता, तुमचे आगीचे आणि तारांचे मुद्दे शंभर टक्के मान्य. पण त्यातून "मंत्रालयाच्या सगळ्या इमारती त्याच अक्षावर हव्यात" हे आपोआप सिद्ध होत नाही. ती पर्यायांची चर्चा आहे आणि नेमकी तीच झाली नाही. काही कार्यालयं शहरात दुसरीकडे गेली असती तर? जुन्या इमारती आतून बदलून वापरता आल्या असत्या का? कोणता पर्याय का बाद केला, हे सांगणारा दस्तऐवज निविदेच्या आधी यायला हवा होता.

आता प्रकल्पाविरुद्धच्या याचिकांवरच्या निकालाबद्दल, कारण त्याचा उल्लेख बहुतेक अर्धवट होतो. ५ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने २ विरुद्ध १ असा निकाल दिला. न्या. अजय खानविलकर (मूळचे पुण्याचे) आणि न्या. दिनेश माहेश्वरी यांनी प्रकल्पाला हिरवा कंदील दिला. पण वारसा संवर्धन समितीची परवानगी बांधकामाआधी घ्यावी लागेल, असं त्यांनीही बजावलं. न्या. संजीव खन्ना यांनी जमीन-वापर बदलाच्या मुद्द्यावर वेगळं मत नोंदवलं. लोकांना समजेल अशी पुरेशी माहितीच दिली नाही, मग सुनावणी अर्थपूर्ण कशी, असा त्यांचा रोख होता. वारसा समितीकडे आधी जायला हवं होतं, हेही त्यांनी म्हटलं. म्हणजे समितीकडे जाणं टळणार नाही, यावर तिन्ही न्यायमूर्तींचं एकमत होतं. भूमिपूजन मात्र निकालाच्या आधीच, १० डिसेंबर २०२० ला, होऊन गेलं होतं. न्यायालयाने समारंभाला मुभा दिली होती, बांधकामाला नाही.

---

कॅनबेराकर

गेली बरीच वर्षं ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत राहतो. धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण कॅनबेरा आणि नवी दिल्ली ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत. दोन्ही शहरांचे नकाशे एकाच काळातले. वॉल्टर बर्ली ग्रिफिन याने १९१२ मध्ये कॅनबेराची स्पर्धा जिंकली. इथलं जुनं संसद भवन ९ मे १९२७ ला उघडलं, दिल्लीचं त्याच वर्षी जानेवारीत. आणि हा ग्रिफिन पुढे कामासाठी भारतात आला, १९३७ मध्ये लखनऊला वारला, तिथेच त्याची कबर आहे.

इथल्या संसदेलाही जागा अपुरी पडायला लागली. जुनी इमारत मुळात तात्पुरतीच म्हणून बांधली होती, तरी ६१ वर्षं वापरली. मग १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाली, ३२९ प्रवेशिका आल्या. निवडलेल्या आराखड्यात इमारत टेकडीच्या पोटात बसवली, वर माती आणि गवत. १९८८ मध्ये ती खुली झाली. जुनी इमारत तशीच समोर आहे, अक्षावरून दोन्ही एकत्र दिसतात, आणि २००९ पासून तिच्यात लोकशाहीचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहली जुन्या सभागृहात बसून वादविवाद करतात. माझ्या मुलीनेही केला.

त्या गवताच्या छतावरून लोक चालत जायचे, आपल्या प्रतिनिधींच्या डोक्यावर आपण, असा त्यामागचा विचार. २०१७ मध्ये सुरक्षेसाठी त्या हिरवळीवर कुंपण घातलं आणि ते चालणं संपलं. म्हणजे स्पर्धा घेऊन, वर्षानुवर्षं चर्चा करून बांधलं तरी नंतर राखण ठेवावीच लागते.

---

निवृत्त_अभियंता

कॅनबेराकर, माहितीबद्दल आभार. पण तिथे लोकसंख्या केवढी आणि आपल्या केंद्र सरकारचा पसारा केवढा. आपल्याकडे स्पर्धा जाहीर करून वर्षानुवर्षं थांबायचं तर खर्च वाढतो, सरकार बदलतं, प्रकल्प फायलीत पडतो. असे कितीतरी चांगले प्रस्ताव माझ्यासमोर धूळ खात पडले. अंमलबजावणीची घाई ही दर वेळी वाईट हेतूनेच असते असं नाही.

नव्या इमारतीत कारागिरीही आहे हे विसरू नका. सागवान नागपूरचं, दगड राजस्थानचा, गालिचे मिर्झापूरचे.

---

संत्रानगरी

सागवान नागपूरचं हे वाचून बरं वाटलं. पण नागपूरचा याहून जुना धागा आहे. सिव्हिल लाइन्समधलं आमचं उच्च न्यायालय हेन्री मेड याने बांधलं, आणि मेड हा नवी दिल्लीत बेकरच्या हाताखाली काम केलेला माणूस. दिल्लीतली दोन मोठी चर्चंही त्याचीच. न्यायालयाची इमारत १९४० मध्ये खुली झाली. संध्याकाळच्या उन्हात तिचा घुमट बघा, रायसीनाचं धाकटं भावंड वाटतं.

आमचं विधान भवन त्याहून जुनं, मध्य प्रांताच्या काळात बांधलेलं. १९५३ च्या नागपूर करारानुसार दर वर्षी इथे अधिवेशन होतं. डिसेंबर आला की मांडव, तात्पुरत्या शेड, पोलिसांचे बॅरिकेड. जागा पुरत नाही म्हणून विस्ताराची मागणी होतेच, आणि ती योग्यच आहे. म्हणून मेघनाताईंना विचारतो, आमच्याकडे नवं बांधायची वेळ आली तर पहिला कागद कोणता मागायचा? मोर्चे तर आधीच मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवतात. तिथून विधान भवन डोळ्यांनीही दिसत नाही.

---

ओव्हल_मैदान

मुंबईचा अनुभव थोडक्यात. १९९५ मध्ये वारशासाठी नियमावली आणणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. तिच्यात एकेकट्या इमारतींबरोबर परिसरही धरले होते. ओव्हलच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग, मध्ये मोकळं मैदान. २०१८ मध्ये हे सगळं मिळून जागतिक वारसा यादीत गेलं. त्यासाठी रहिवाशांनी आणि संवर्धकांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. दिल्लीचाही प्रस्ताव युनेस्कोकडे गेला होता, तो २०१५ मध्ये केंद्रानेच मागे घेतला.

---

मेघना_वास्तु

ओव्हल_मैदान, "मध्ये मोकळं मैदान" हेच म्हणायचं होतं. मैदानावर एकही वीट न रचता, फक्त कडेची उंची वाढवूनही तो परिसर मोडता येतो. दिल्लीत नव्या इमारतींची उंची इंडिया गेटच्या ४२ मीटरपेक्षा कमी ठेवायची अट आराखड्यात आहे, आणि ती चांगली आहे. पण उंची सांभाळली तरी पथाच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या, लांबलचक सरकारी इमारतींची रांग लागली की चालणाऱ्याला लागतात ती कुंपणं आणि तपासणीची दारं. आराखडा झाला तेव्हा तिथे राष्ट्रीय संग्रहालय होतं, इंदिरा गांधी कला केंद्राचं आवार होतं. ओळखपत्राशिवाय सामान्य माणूस आत जाऊ शकेल अशा या जागा. आराखड्यात त्या ठिकाणी मंत्रालयाच्या इमारती आल्या. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच. दर्शनी दगड कुठला लावला याने ते भरून येत नाही.

देवळालीकरांच्या इमारतीबद्दलही लिहायचं राहिलं होतं. वारसा यादीत नॉर्थ-साउथ ब्लॉक, संसद, अभिलेखागार, खुद्द राजपथाचा परिसर, सगळे पहिल्या श्रेणीत. स्वातंत्र्यानंतरच्या इमारतींना असं कवच नाही. इंग्रजांनी बांधलेलं तेवढं वारसा, आणि आपल्या माणसांनी नव्या प्रजासत्ताकासाठी, तुटपुंज्या पैशांत बांधलेलं ते पाडण्याजोगं, हे मला मान्य नाही. शास्त्री भवन सुंदर नसेल. पण कुठलं ठेवायचं आणि कुठलं पाडायचं याची प्रत्येक इमारतीगणिक नोंद व्हायला हवी.

संत्रानगरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिला कागद मागायचा तो परिसराच्या महत्त्वाचं टिपण. नकाशा नव्हे, बजेट नव्हे. त्यात तुमच्या बाबतीत मेडची इमारत येईल, विधान भवनाची जुनी इमारत येईल, सिव्हिल लाइन्समधली जुनी झाडं येतील, आणि मोर्चा कुठपर्यंत जाऊ शकतो हेही येईल. ते टिपण मराठीत, जाहीर, निविदेच्या आधी. दुसरा कागद पर्यायांचा : जागा किती कमी पडते, बाराही महिने की अधिवेशनाच्या काळापुरती? वर्षातून थोडे आठवडे लागणाऱ्या जागेसाठी कायमची इमारत हवी का, याचं उत्तर आकड्यांनी मिळालं पाहिजे. वारसा समितीचं मत संकल्पचित्राच्या टप्प्यावर घ्या. सगळं ठरल्यावर घेतलं की समितीपुढे फक्त हो म्हणायचं उरतं.

---

दिल्लीवाली_मावशी

मेघना, नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये संग्रहालय होणार म्हणतात, ते चांगलं की वाईट? आमच्या भिशीत यावर दोन मतं पडली.

---

मेघना_वास्तु

मावशी, मला ती बातमी चांगली वाटते. मे २०२३ मध्ये "युगे युगीन भारत" हे नाव जाहीर झालं. दोन्ही इमारती मिळून सुमारे १.१७ लाख चौरस मीटर आणि ९५० खोल्या. ज्या कॉरिडॉरमध्ये पासाशिवाय शिरता येत नव्हतं, तिथे तुम्ही नातवंडांना घेऊन जाल. वर म्हटलेल्या नुकसानातलं थोडं तरी इथे भरून निघेल.

काळजी वाटते ती कामाच्या तपशिलाची. या खोल्या कारकुनांच्या टेबलांसाठी, उजेड-वाऱ्यासाठी बांधलेल्या आहेत. राष्ट्रीय संग्रहालयात दोन लाखांहून अधिक वस्तू आहेत. चित्रं, कापड, हस्तलिखितं यांना ऊन चालत नाही, तापमान आणि दमटपणा स्थिर लागतो. त्यासाठी खिडक्या बुजवल्या, छतातून जाड नळ्या नेल्या, भिंती पाडून दालनं मोठी केली, तर इमारत बाहेरून उरेल आणि आतून जाईल. दगडी मूर्ती, शिलालेख, नाणी यांना एवढे लाड लागत नाहीत. त्या इथे, आणि नाजूक वस्तू देवळालीकरांच्या इमारतीत, अशी वाटणी करता येईल. मग ती इमारत पाडायचं कारणही उरणार नाही.

---

निवृत्त_अभियंता

या वाटणीला माझा पाठिंबा. तांत्रिकदृष्ट्या सांगतो, नॉर्थ ब्लॉकसारख्या जाड दगडी भिंतीत एसीच्या मोठ्या नळ्या न्यायच्या म्हणजे तोडफोड अटळ. मूर्तींसाठी नैसर्गिक हवा पुरते, तिथे ते टळतं. जमिनीचा भार मात्र तपासून घ्यावा लागेल, मोठ्या दगडी मूर्ती वरच्या मजल्यांवर नेता येणार नाहीत. आणि पर्यायांचा दस्तऐवज निविदेआधी हवा, हेही आता मला पटतंय. आम्ही अभियंते तो करून देऊ शकतो, कोणी मागितला तर.

---

संत्रानगरी

दोन्ही कागदांची यादी लिहून घेतली. इथल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना घेऊन सिव्हिल लाइन्सचं टिपण आम्हीच सुरू करतो. सरकार मागेल तेव्हा मागेल. मेघनाताई, अभियंता काका, पहिला मसुदा इथेच टाकतो, दुरुस्त्या सुचवा. पारगावकर, मोर्चाच्या वाटांचा भाग तुम्ही बघाल का?

---

पारगावकर

बघतो. वडिलांच्या जुन्या सोबत्यांपैकी काही जण नागपूरच्या अधिवेशनांवरही मोर्चे घेऊन जायचे. तेव्हा कुठपर्यंत जाता यायचं, कुठे अडवायचे, त्यांना विचारून रस्त्यांच्या नावांसकट लिहून पाठवतो.